डोक्यातला डायनॅमो

काकांकडे मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही. सायकल आहे का, एवढंच विचारलं.

त्याआधी इंदूरच्या छत्रीबागेतली बरीच घरं मी पालथी घातली होती. सगळीकडे पहिला प्रश्न तोच, "पूर्ण नाव सांगा." पूर्ण नाव सांगितलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली निघायची. आजोबा महूच्या छावणीत फौजेत होते, वडील सरकारी नोकरीत, मी स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. पण आडनावापुढे यातलं काही टिकत नसे. हे गृहस्थ मात्र दारात उभे राहून माझ्या चपलांकडे बघत म्हणाले, "सायकल आहे का तुझ्याजवळ?"

"आहे."

"रोज चालवते, की नुसती घंटी वाजवायला ठेवली?"

"रोज चालवते."

"मग वरची खोली तुझी. हवा मी भरीन, तेल तू घालायचं."

भाड्याचं बोलणं काकूंनी नंतर केलं. काकू तेव्हा माझ्याशी जरा जपूनच होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला वेगळ्या कपातून चहा दिला. काकांनी ते पाहिलं. माझा चहा संपल्यावर तोच कप उचलून त्यांनी त्यात आपला चहा ओतून घेतला आणि उभ्याउभ्या प्यायला. त्या घरात कपांचा प्रश्न पुन्हा निघाला नाही. काकू पुढे माझ्यावर इतकी माया करायला लागल्या, की मला वर स्टोव्ह पेटवू द्यायच्या नाहीत.

उभ्याउभ्या प्यायला असं मी म्हटलं, कारण काका बसत नसत. घरात खुर्चीच नव्हती. पेपर ते खिडकीपाशी उभे राहून वाचायचे आणि दाढी अंगणात येरझाऱ्या घालत करायचे. जेवायला मात्र जमिनीवर मांडी घालायचे, कारण जमिनीवरून उठताना माणसाला कष्ट पडतात आणि ते पडले पाहिजेत. इंदुरात "बैठो भिया" म्हटल्याशिवाय दुसरा शब्द निघत नाही. अशा गावात आलेल्या पाहुण्याला हा माणूस "बसा" म्हणत नसे. नातेवाईक हळूहळू यायचे बंद झाले. काकांना त्याचं काही वाटलं नाही. "मुर्दे साले," ते म्हणायचे, "सोफ्यावर जन्मतात आणि सोफ्यावरच मरतात."

त्यांचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते. घोडा गेला आणि सायकल आली, खानदानाची चाल काही गेली नाही, असं ते छाती काढून सांगायचे. काळी, उंच, दांडा असलेली सायकल. पॅंटचे पाय साखळीत अडकू नयेत म्हणून घोट्यापाशी काकूंचे कपडे वाळत घालायचे चिमटे. मिलच्या टाइम ऑफिसात ते बाबू होते. कोण केव्हा आत आलं आणि कोण केव्हा बाहेर गेलं हे बघण्याचं ते खातं. मिलचं आवार अवाढव्य असल्यामुळे ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सायकलवरूनच फिरायचे आणि उशिरा येणाऱ्याला सायकलवरूनच शिव्या घालायचे. "पैडल मारो भिया, पैडल" हे त्यांचं पालुपद. चालत येणाऱ्यालाही ते तेच ऐकवायचे.

हा माणूस फार शहाणा होता असं मला भासवायचं नाही. तो हट्टी होता, भांडकुदळ होता आणि पुष्कळदा साफ चुकीचा असायचा. गल्लीतल्या एकाला कावीळ झाली तर काका त्याला सायकल चालव म्हणून सांगून आले. कुणाचा मुलगा मॅट्रिकला नापास झाला, त्यालाही सायकल. सुनेला दिवस राहत नाहीत म्हणून रडणाऱ्या शेजारणीला त्यांनी काय सांगितलं असेल ते सांगायला नको. तिने महिनाभर काकूंशी बोलणं टाकलं. दुसऱ्याच्या दारातल्या सायकलींची चाकं अंगठ्याने दाबून बघायची आणि हवा कमी असली की त्या घरातल्या कर्त्या पुरुषाला बाहेर बोलावून झापायचं, हा त्यांचा रविवारचा कार्यक्रम. त्यामुळे जेव्हा त्यांनी एक खरी गोष्ट सांगितली तेव्हा ती कुणी ऐकली नाही. यात थोडा दोष त्यांचाही आहे. पण थोडाच.

त्यांचा हात मी राहायला गेले त्या सुमारासच कापायला लागला असावा. उजवा हात, आणि तोही सुरुवातीला रिकामा असला की. अंगठा बोटावर घासत राहायचा, विडी वळल्यासारखा. त्या वर्षांत शहरातल्या मिल एकेक करून बंद पडत होत्या. पेपरात रोज उदारीकरणाच्या बातम्या आणि मिलच्या फाटकावर रोज नवी अफवा. सगळ्यांचेच हात कापत होते, तेव्हा काकांच्या हाताकडे कोण बघणार. मिल बंद होणार याचा धसका घेतलाय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मग मिल खरंच बंद झाली, आणि धसका हेच दुखण्याचं नाव होऊन बसलं. काकू मीठमोहऱ्या ओवाळायच्या. काही जण याला दारू म्हणाले. काकांनी आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं.

शेवटी मी आणि काकू त्यांना मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरने चालून दाखवायला सांगितलं, बोटं उघड-मीट करायला लावली आणि पार्किन्सन असं नाव सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. मग चष्मा काढून अगदी मायेने म्हणाला, "बाबूजी, बहुत काम कर लिया. अब बस आराम कीजिए."

त्या वाक्याचा मला आजही राग येतो. गोळ्या योग्य होत्या, त्यांनी खरोखर फरक पडला आणि काकांनी त्या टाइम ऑफिसच्या शिस्तीने वेळच्या वेळी घेतल्या. पण ते "आराम कीजिए" घरातल्या प्रत्येकाने ऐकलं आणि औषधापेक्षा जास्त निष्ठेने पाळायला घेतलं. कारण ते सगळ्यांना सोयीचं होतं. आपल्यात माणसाचा मान ठेवायचा म्हणजे त्याला बसवायचं, त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं आणि पुढ्यात ताट आणून ठेवायचं. त्या काळात शहराने हजारो धडधाकट माणसांना असंच घरी बसवलं होतं, वर विश्रांतीचे फायदेही सांगितले होते. डॉक्टरही काही वेगळं बोलला नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना काका म्हणाले, "गोळ्या घेईन. आराम त्यालाच करू दे."

मिल बंद झाल्यावरही ते रोज सकाळी मिलच्या वेळेला सायकल काढायचे आणि मिलपर्यंत जाऊन तिच्या भिंतीला वळसा घालून यायचे. गल्ली म्हणाली, डोक्यावर परिणाम झाला बिचाऱ्यांच्या. मलाही आधी तसंच वाटलं होतं. एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "काका, फाटकाला टाळं आहे, तिथे रोज काय बघायला जाता?"

"मिल गेली खड्ड्यात," ते म्हणाले. "मी माझ्या हातासाठी जातो. हे बघ." त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. ते नुकतेच आले होते, घामाने निथळत होते, छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. हात मात्र शांत होता. अगदी पूर्ण नाही, पण सकाळी कपातला चहा सांडवणारा तो हात नव्हता. "दुपारपर्यंत चालतं हे. पण दम लागला पाहिजे. हळूहळू फिरून आलो की काही होत नाही, करून बघितलंय मी. असं मारायचं पैडल, की बोलता आलं नाही पाहिजे."

"असं कसं होईल? हात वेगळा, पाय वेगळे."

त्यांनी मला सायकलच्या पुढच्या चाकापाशी नेलं. तिथे डायनॅमो होता. तेव्हाच्या सायकलींना असायचा तसा, टायरला घासून फिरणारा आणि दिवा पेटवणारा. "हा माझ्या डोक्यात आहे," ते म्हणाले. "जुना झालाय, घासलाय. हळू चालवलं की दिवा मिणमिणतो. जोरात मारलं की लख्ख. आणि बसलो की गुल. इतकं सोपं आहे, पण त्या चष्मेवाल्याला नाही समजणार."

जोरात मारायचं तर एकट्याने जमत नाही, हेही त्यांनी शोधून काढलं होतं. आजारच असा की आपल्याला वाटतं आपण जोरात चालवतोय, आणि पाय मंदावलेले असतात. म्हणून ते राजवाड्यापाशी टेम्पोची वाट बघत थांबायचे. टेम्पो म्हणजे तेव्हाची आमची शहर बस, काळा धूर सोडणारं तीनचाकी धूड. परदेशीपुऱ्याकडे जाणारा एक ठरावीक टेम्पोवाला त्यांनी धरला होता. तो निघाला की हे मागे. तो वेग वाढवेल तसा हे वाढवणार. आतल्या सवाऱ्या मागे वळून बघायच्या, हसायच्या. टेम्पोवाला आरशात बघून ओरडायचा, "आओ काका, आओ, छूट रहे हो." मी ड्यूटीला जाताना अनेकदा हे दृश्य पाहिलं आहे. पन्नाशी उलटलेला, गोरा, हडकुळा माणूस, घोट्याला चिमटे, तोंड उघडं, आणि डोळ्यांत एखाद्याला मारायला निघाल्यासारखा त्वेष.

आणि हाच माणूस घरात चालताना अडकायचा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आला की पाय जमिनीला चिकटायचे. अंग पुढे जायला बघायचं आणि पाय जागचे हलायचे नाहीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाबरून त्यांचा दंड धरायला गेले. "सोड," ते खेकसले. मग स्वतःशीच पुटपुटले, "पैडल मारो भिया, पैडल," आणि उजवा पाय असा उचलला, जणू समोर पॅडल आहे आणि त्यावर तो ठेवायचा आहे. पाय उचलला गेला, उंबरा ओलांडला गेला. सायकलवर ते विनासायास जायचे. उंबऱ्याला मात्र त्यांना कल्पनेतली सायकल लागायची.

याचाच सगळ्यात वाईट अर्थ काढला गेला. त्यांचा मुलगा श्रीकांत तोवर एका नव्या कंपनीत लागला होता, गळ्यात टाय, हातात ब्रीफकेस. लग्न झालं होतं. सून मनीषा स्वभावाने वाईट नव्हती, पण सासऱ्याला हाताला धरून न्हाणीघरात नेऊन आणायचं आणि तासाभराने त्याच सासऱ्याला टेम्पोच्या मागे सुसाट जाताना बघायचं, याने तिचं डोकं फिरायचं. एकदा जिन्यात मला म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा. घरात ह्यांना दोन पावलं टाकता येत नाहीत आणि रोड पे तो हीरो बन जाते हैं. नाटक नाही तर काय आहे हे?"

मी तिला समजावलं. मला स्वतःला नीट समजलं होतं असं नाही, पण जे डोळ्यांनी दिसत होतं तेवढं सांगितलं. तिने मान हलवली, पटलं नाही. गल्लीतही तेच. चालता न येणारा माणूस सायकल चालवतो म्हणजे एक तर त्याला चालता येतं, नाही तर तो वेडा आहे. तिसरं काही असू शकतं हे कुणाच्या गावी नव्हतं.

मिल मजदूरांच्या गणेश मंडळाने त्या वर्षी जुन्या माणसांचा सत्कार ठेवला. मिल बंद, पगार नाहीत, पण गणपती बसला होता. मंचावर लाल मखमलीची खुर्ची. काकांना बोलावलं, शाल घातली, नारळ दिला आणि खुर्चीत बसायला सांगितलं. काका बसेनात. अध्यक्ष खांद्याला धरून खाली दाबतायत आणि हे ताठ उभे, असा प्रकार थोडा वेळ चालला. मग त्यांनी माईक ओढून घेतला. नारळ धरलेला हात थरथरत होता आणि पुढच्या रांगेत कुणीतरी पिण्याची खूण करून हसलं. काका त्याच्याकडेच बघून म्हणाले, "मिल बंद हुई, तो क्या टाँगें भी बंद? कल सुबह राजवाडे पे आना. जिसमें दम हो वो टेम्पो के पीछे आए. बैठने वालों का सत्कार मुझे नहीं चाहिए." आणि खाली उतरले. काही लोक हसले. मागे उभ्या असलेल्या बायका मात्र हसल्या नाहीत. त्यांचे नवरे महिनोन्‌महिने खाटेवर पडून छताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यावर कुणी आलं नाही.

सायकल गेली ती एका हवालदारामुळे. चौकात त्याने अचानक हात दाखवला, टेम्पो थांबला आणि काकांनाही थांबावं लागलं. चालत्या सायकलवर त्यांना काही होत नसे, अडचण थांबण्याची. पाय पॅडलवरून सुटून खाली टेकायला पाहिजे होता, तो सुटलाच नाही. उभ्या सायकलवरून ते तसेच आडवे पडले. मनगट मोडलं. टेम्पोवाल्यानेच सवाऱ्या उतरवून त्यांना दवाखान्यात नेलं.

ते प्लास्टर घालून घरी यायच्या आत श्रीकांतने सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली होती. काकूंनी मला जिन्यात पदर तोंडाशी धरून सांगितलं. मी तशीच खाली गेले.

"कुणाला विचारून दिली?" मी म्हटलं.

"ताई, उद्या ट्रकखाली आले तर कोण जिम्मेदार?" श्रीकांत शांत होता. "डॉक्टरनी आराम सांगितलाय. आणि खरं सांगू का, माझे बॉस त्याच रस्त्याने येतात. मला विचारतात, वो टेम्पो के पीछे तुम्हारे फादर हैं क्या? मी कंपनीत एक्झिक्युटिव्ह, घरी स्कूटर, उद्या कार येईल. लोग क्या कहेंगे? मुलगा बापाला रिक्षाला पैसे देत नाही?"

"त्यांच्या हाताला बरं वाटतं त्याने. तुला दिसत नाही?"

"तुम्ही भाडेकरू आहात ताई," तो म्हणाला. आवाज न चढवता म्हणाला. "घरचं आम्ही बघून घेऊ."

त्याच आठवड्यात घरात पहिली खुर्ची आली. नुसती खुर्ची नव्हे, मागे रेलणारी, हात असलेली, गुबगुबीत. श्रीकांतने पहिल्या बढतीचं बक्षीस म्हणून वडिलांना ती घेतली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायचा. नातेवाईक पुन्हा यायला लागले, कारण आता बसायला मिळत होतं. प्रेमाने केलेल्या गोष्टीवर रागावू नये म्हणतात. मला येतो राग. उलट प्रेमाने केलेल्या गोष्टीवरच जास्त येतो, कारण तिच्याविरुद्ध त्या माणसाला तक्रारही करता येत नाही.

प्लास्टर निघाल्यावर मी माझी सायकल त्यांना देऊन बघितली. तिला दांडा नव्हता, चढ-उतरायला सोपी होती. काका गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. चेहऱ्यावर रंग आला. संध्याकाळी श्रीकांतने मला सायकल वर खोलीत ठेवायला सांगितलं आणि नाही ठेवली तर खोली सोडायला. मी वर ठेवली नाही, खोली सोडली. पण माझ्या जाण्याने काकांना काय मिळालं? घरात त्यांच्या बाजूने बोलणारं एक माणूस कमी झालं, एवढंच. पुढे माझी देवासला बदली झाली. काकू गेल्याचं मला तिथे उशिरा कळलं. छत्रीबागेतलं घर विकून मंडळी विजय नगरला फ्लॅटमध्ये गेली.

आता काकांना जाऊनही बरीच वर्षं झाली. हे सगळं मी आज उगाळत बसले त्याला कारण माझा भाऊ. महूला असतो, रिटायर झालाय, आणि गेल्या वर्षी त्याचाही हात रिकामा असला की विडी वळायला लागला. मी वेळ घालवला नाही. विजय नगरच्या एका दवाखान्यात त्याला घेऊन गेले. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, आणि मग ती तरुण डॉक्टरीण आम्हाला शेजारच्या हॉलमध्ये घेऊन गेली. हॉलमध्ये जागच्या जागी चालवायच्या सायकली ओळीने मांडलेल्या आणि त्यांवर भावाच्या वयाची माणसं घामाघूम होऊन पॅडल मारत होती. एक मुलगी टाळ्या वाजवून त्यांचा वेग वाढवत होती.

डॉक्टरीण चांगली होती, घाई न करता बोलली. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून हालचालीचा हुकूम नीट पोचत नाही. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण दम लागेल असा व्यायाम नेमाने केला, तर ज्या उरल्यात त्यांचं एकमेकींशी काम चांगलं चालतं, मेंदूच्या जोडण्या घट्ट होतात, आणि मेंदूचं आक्रसणंही थोडं मंदावताना दिसतं, असं आता स्कॅनवरून वाटायला लागलंय. "गोळ्या सोडायच्या नाहीत हं. ये दवाई के साथ है, दवाई के बदले नहीं. और टहलना अलग चीज है, हांफना चाहिए." मग हसून म्हणाली, "सायकल तर ह्यांना चालण्यापेक्षा सोपी जाते. लोकांना विश्वासच बसत नाही."

मी तिला डायनॅमोचं सांगितलं. ती म्हणाली, अगदी तसंच नसतं, पण फार चुकीचंही नाही. कोण होते ते?

माझे घरमालक, मी म्हटलं. आणि मला तिथेच, त्या चकचकीत हॉलमध्ये, इतका राग आला की भावाने माझा हात धरला. त्या मुलीच्या टाळ्या ऐकून मला टेम्पोवाला आठवत होता. जे आता औषध म्हणून लिहून देतात, त्यासाठी एका माणसाला वेडा म्हटलं, नाटकी म्हटलं, दारुडा म्हटलं आणि शेवटी खुर्चीत घातलं. त्या वेळी कुणाला माहीत नव्हतं हे मला कबूल आहे. पण माहीत नसलं तरी डोळे होते. तो हात सगळ्यांच्या समोर शांत होत होता.

अशी एक सायकल काकांच्या घरातही होती, म्हणून तर राग जास्त. देवासहून एकदा सुट्टीत मी विजय नगरला त्यांना भेटायला गेले होते. दिवाणखान्यात तीच खुर्ची आणि खुर्चीत काका. चेहरा मातीच्या मुखवट्यासारखा, हालचाल नाही. ओठाच्या कडेला लाळ, ती पुसायला मांडीवर रुमाल. बोलणं इतकं हळू की कान तोंडाशी न्यावा लागे. त्यांनी मला ओळखलं, डोळ्यांवरून कळलं. आणि खुर्चीच्या शेजारीच, हाताच्या अंतरावर, एक व्यायामाची सायकल. मनीषाने वजन कमी करायला घेतलेली. तिच्या हॅंडलवर टॉवेल आणि सीटवर परकर वाळत घातले होते.

"हिच्यावर का नाही बसवत त्यांना?" मी विचारलं.

"पडतील ना ताई," श्रीकांत म्हणाला.

"ही कुठे जातेय पडायला? हिला चाक तरी आहे का?"

मी टॉवेल आणि परकर काढून सोफ्यावर टाकले. श्रीकांत "अहो, अहो" करत होता, पण शेवटी त्यानेच दुसऱ्या बाजूने धरलं. आम्ही काकांना उचलून बसवलं, पाय पट्ट्यांत अडकवले. काही झालं नाही. पाय लोंबत राहिले. मनीषा म्हणाली, "मी म्हटलं होतं ना." मी काकांच्या कानाशी वाकून म्हटलं, "पैडल मारो भिया, पैडल."

उजवा पाय दाबला गेला. मग डावा. मग पुन्हा उजवा. मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्या दिवाणखान्यात टेम्पोवाल्यासारखी ओरडायला लागले, "आओ काका, आओ, छूट रहे हो." शेजारच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला. काका वाकले, हॅंडल घट्ट धरलं, आणि पाय फिरायला लागले. तोंड उघडं पडलं, श्वास जोरात चालू झाला, कपाळावर घाम आला. डोळ्यांत तोच मारायला निघाल्याचा त्वेष. हॅंडलवरचा हात कापायचा कमी झाला. आणि मग, कितीतरी महिन्यांत कुणी ऐकला नव्हता त्या स्वच्छ, खणखणीत आवाजात त्यांनी मुलाकडे बघून विचारलं, "माझी सायकल कुणाला दिली?"

श्रीकांत मनीषाकडे बघायला लागला. मनीषा हळूच म्हणाली, "म्हणजे बोलताही येतं ह्यांना."

"श्रीकांत," काका पॅडल मारत म्हणाले, "सायकल कुणाला दिली?"

"बाबा, बसा आता," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते हे मी नाकारत नाही. "बसा. दमाल."

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा सायकल बाल्कनीत होती, पावसात गंजत. त्या दिवशी बाबा फार दमले, दुपारभर झोपले, आम्ही घाबरलो, असं कारण मला देण्यात आलं. रोज थोडं थोडं करवून घेतलं असतं तर, हे मी बोलून बघितलं. डॉक्टरांना विचारतो, असं श्रीकांत म्हणाला. काका खुर्चीत, गुडघ्यांवर चादर. डोळे उघडे होते, पण मला ओळखलं की नाही ते या वेळी कळलं नाही. मनीषाने चहा आणला आणि चादरीकडे बोट दाखवून म्हणाली, "बघा ना ताई, आता पायांनाही कंप सुटलाय. दिवसभर चालू असतं."

मी बघितलं. चादरीखाली उजवा पाय खाली जात होता तेव्हा डावा वर येत होता. मग डावा खाली, उजवा वर. कंपाला अशी चाल नसते.

"कंप नाही तो," मी म्हटलं. "सायकल चालवतायत ते. तुमच्या घरात जेवढी चालवता येते तेवढी."